‘यात गहू नाही ना?’ असं विचारू नका

पथ्य सांभाळून हॉटेलात कसं जेवायचं, याबद्दलचे प्रश्न आम्ही मागच्या अंकात मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि बरीचशी एकमेकांसारखी आहेत, म्हणून त्यातली काही निवडून सविस्तर उत्तरं देते. परळच्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, पण हॉटेलचं स्वयंपाकघर मी त्याच्या आधीपासून ओळखते. वडिलांची गिरगावात खानावळ होती आणि शाळेतून आल्यावर माझा अभ्यास भटारखान्याच्या दाराशी बसून चालायचा. त्यामुळे मेनूकार्ड हातात आलं तरी माझं लक्ष आधी आतल्या कढईकडे जातं.

ताई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन न सोसण्याचा आजार) आहे. घरी गहू पूर्ण बंद केल्यापासून ती ठणठणीत आहे, वजनही वाढलं. पण बाहेर जेवलो की काहीतरी होतंच. परवा एका उडुपी हॉटेलात डोसा खाल्ला. ‘यात गहू नाही ना?’ असं विचारून खाल्ला. तरी रात्री पोट फुगलं आणि दुसऱ्या दिवशी जुलाब. डोशात तर गहू नसतोच. मग चुकतं कुठे?
— एक आई, मुलुंड

डोशाच्या पिठात गहू नसतो, पण तव्यावर असतो. पुढच्या वेळी हॉटेलातला तवा दिसेल अशा जागी दोन मिनिटं उभ्या राहा. लांबलचक लोखंडी तवा असतो. त्यावर साधा डोसा, मसाला डोसा आणि त्यांच्याच रांगेत रवा डोसा. रवा डोशाच्या पिठात रवा तर असतोच, बहुतेक ठिकाणी मैदाही असतो. तो डोसा उचलला की तव्यावरचा माणूस पाण्याचा शिपका मारतो, खराट्याने तवा झाडतो, आणि त्याच जागेवर तुमच्या मुलीचा साधा डोसा पसरतो. खराटाही तोच. तुम्हाआम्हाला याने काही होत नाही. सीलिॲकच्या मुलाला मात्र तव्यावर राहून गेलेलं तेवढं पीठसुद्धा पुरतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ‘ग्लूटेन-मुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. किलोभर अन्नात 20 मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे अगदी चिमूटभर पीठ.

दुसरा संशय सांबाराचा. डबीत मिळणारा हिंग म्हणजे नुसता हिंग नसतो. अस्सल हिंग फार उग्र असतो, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात. डबीवरचे घटक वाचले की कळतं. सांबार, चटणीची फोडणी, बटाट्याची भाजी, सगळीकडे हा हिंग पडतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. ‘गहू नाही ना?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही नाही’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्याला वाटतं, या बाईंना चपाती नको आहे. शिवाय कोणतं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटेल, हे तुमच्या विचारण्यातच त्याला कळलेलं असतं. म्हणून असं विचारा: ‘रवा डोसा याच तव्यावर काढता का?’ ‘पापड कुठल्या कढईत तळता, त्यात पुऱ्या पण तळता का?’ ‘भाकरी थापताना खाली पीठ कसलं घेता?’ अशा प्रश्नाला हो-नाही करून सुटता येत नाही. वेटरला माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. ‘ग्लूटेन’ हा शब्द वापरू नका. ‘मुलीला आजार आहे, गव्हाच्या पिठाचा कण गेला तरी जुलाब होतात’ एवढं सांगा. माझा अनुभव असा की आजारी लेकराचं नाव निघालं की मुंबईतला कुठलाही वेटर थांबून ऐकतो.

मग खायचं काय? उडुपी हॉटेलात डोशापेक्षा इडली बरी, कारण ती वाफेवर होते. मात्र रवा इडलीचं पात्र वेगळं आहे ना ते पाहा, आणि सांबार सोडून फोडणी न घातलेली खोबऱ्याची चटणी मागा. सकाळी लवकर गेलात तर ती मिळते. मराठी हॉटेलात मी साबुदाण्याच्या खिचडीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवते. ती तळलेली नसते, उपासाची म्हणून तिच्यात हिंग पडत नाही आणि बहुतेक ठिकाणी तिची कढईही वेगळी असते. साबुदाणा वड्याच्या बाबतीत मात्र तेलाची चौकशी करायला हवी. थालिपीठ नको, भाजणीत गहू असतो. उकडीचे मोदक चालतात. मालवणी खाणावळीत माशाची कढी, भात आणि सोलकढी ठीक. तळलेला मासा रव्यात घोळवलेला असतो, म्हणून ‘तांदळाच्या पिठात, वेगळ्या तव्यावर’ असं आधी सांगावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी ते जमत नाही. कोंबडी-वड्यांतले वडे टाळा. तंदुरी चिकनमध्ये गहू नसला तरी त्याच भट्टीत नान लागतात. चायनीजमध्ये सोया सॉस असतो आणि तो बहुधा सोयाबीनबरोबर गहू घालून केलेला असतो, त्यामुळे तो विषयच सोडा. भेळ आवडत असेल तर पुऱ्या आणि फरसाण वगळून नुसते कुरमुरे, बेसनाची शेव, टोमॅटो आणि चटण्या एवढीच करून घ्या, तीही भय्याला भांडं पुसायला लावून. सगळ्यात बरं म्हणजे कुरमुरे घरून न्या आणि चौपाटीवर आपली भेळ आपणच कालवा. मुलांना त्यात मजा वाटते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे, ज्यांच्या 10 किंवा जास्त शाखा आहेत अशा हॉटेलांनी गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, सोया वगैरे ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यायची असते. मॉलमधल्या मोठ्या साखळी हॉटेलात ती हक्काने मागा. कोपऱ्यावरच्या उडुप्याला हे बंधन नाही. तिथे तोंडाने विचारणं हाच उपाय.

माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कॉलेज चर्चगेटला, त्यामुळे रोजचं खाणं मित्रांबरोबर बाहेर. आतापर्यंत दोन वेळा ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या, गोळी घेतली आणि बरं वाटलं. आम्ही किती काळजी करावी?
— एक वडील, विक्रोळी

काळजी करावी अशीच गोष्ट आहे. दोन वेळा गोळीने भागलं म्हणून तिसऱ्या वेळीही भागेल, असं या ॲलर्जीत धरून चालता येत नाही. ओठ सुजणं, श्वासाला घरघर, उलटी, चक्कर, आवाज बसणं हे एकदम सुरू झालं तर ॲलर्जीची गोळी पुरत नाही. तिथे पहिलं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. त्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे न्या आणि स्पष्ट विचारा: हे औषध त्याच्याजवळ कोणत्या रूपात ठेवायचं, कुणी द्यायचं, किती द्यायचं. हे या महिन्यातच करा. रोज बरोबर असणाऱ्या मित्रांपैकी दोघांना तरी ते शिकवून ठेवा. त्रास सुरू झालाच तर 108 ला फोन करायचा आणि त्याला जिने उतरवत, चालवत न्यायचं नाही. आडवं झोपवायचं, श्वास लागत असेल तर बसू द्यायचं.

आता खाण्याचं. आपल्या मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पालेभाजी, उसळीचा रस्सा, ठेचा, आणि उपासाचा तर एकूण एक पदार्थ. वडापावच्या सुक्या लाल चटणीत लसूण-खोबऱ्याबरोबर दाणे घालणारे कितीतरी आहेत. मी भटारखान्यात रोज पाहिलेली गोष्ट सांगते. मीठ, तिखट, साखर आणि कूट यांचे डबे ओळीने ठेवलेले असायचे आणि चमचा एकच. कूट घातलेल्या हाताने तोच चमचा साखरेत जायचा. घाईत दुसरं काही होणं शक्यच नसतं. त्यामुळे ‘या भाजीत दाणे नाहीत’ हे आचाऱ्याने मनापासून सांगितलं तरी तुमच्या मुलासाठी ते पुरेसं नाही.

म्हणून त्याला सांगा: चतुर्थी, एकादशी, नवरात्रात उपासाचे पदार्थ बनत असतात, त्या दिवशी मराठी फराळाच्या ठिकाणी जायचंच नाही. चटण्यांना हात लावायचा नाही. चिक्की, लाडू, भाजलेले दाणे विकणाऱ्याकडचं फरसाणही नको, तिथे सगळ्या डब्यांत एकच पसा फिरतो. तेल कोणतं हे विचारायचं. पूर्ण रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास नसतात, पण घाण्याच्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलात ती राहतात, आणि ‘आमच्याकडे लाकडी घाण्याचं तेल’ ही पाटी हल्ली मुंबईत पुष्कळ दिसते. त्याच्यासाठी ती पाटी म्हणजे बाहेरूनच परत फिरण्याची खूण. इराण्याकडचा मस्का-पाव, आम्लेट, साधी इडली, दही-भात अशा पदार्थांपासून सुरुवात करू दे आणि दोन-तीन ठिकाणं ठरवून घेऊ दे. रोज त्याच ठिकाणी गेलं की गल्ल्यावरचे काका ओळखायला लागतात, आतले लोक लक्षात ठेवतात. या वयाच्या मुलांना रोज नवीन जागा हवी असते, हे मला कळतं. तरी सांगा.

आमची होणारी सून जैन आहे. साखरपुड्यानंतर दोन्ही घरच्या मंडळींनी बाहेर जेवायला जायचं ठरलंय. आम्ही पक्के मासे खाणारे. ‘जैन फूड’ मिळतं अशाच हॉटेलात नेऊ, पण तेवढं पुरेल का?
— एक वरमाई, गिरगाव

तुम्ही आधीच विचार करताय, याचं मला फार बरं वाटलं. पुरेल की नाही ते त्यांचं घर काय पाळतं त्यावर आहे, म्हणून सुनेला नव्हे, विहीणबाईंना फोन करा. मुली संकोचाने ‘काहीही चालेल’ म्हणतात. विहीणबाईंना हे विचारा: फक्त कांदा-लसूण-बटाटा नाही, की कुठलंच कंदमूळ नाही? गाजर, बीट, मुळा, ओलं आलं? (सुंठ आणि हळकुंडाची हळद बहुतेकांना चालते, कारण ती वाळवलेली.) रात्री जेवतात की सूर्यास्ताच्या आत? जिथे मांसाहार शिजतो अशा हॉटेलात बसतात का?

सूर्यास्ताचा प्रश्न सगळ्यात आधी. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. बहुतेक हॉटेलांचं रात्रीचं जेवण सुरूच सातला होतं. तेव्हा समारंभाचं जेवण दुपारी ठेवा, म्हणजे कुणालाही घड्याळाकडे बघत घास गिळावा लागणार नाही.

हॉटेल पूर्ण शाकाहारी निवडा. मासे एक दिवस राहू देत. आणि ‘जैन’ असं नुसतं म्हणून थांबू नका. पंजाबी भाज्यांचे तीन-चार रस्से हॉटेलात सकाळीच शिजवून ठेवलेले असतात आणि त्यातल्या तांबड्या-पिवळ्यांत कांदा पोटभर असतो. चांगल्या हॉटेलात जैनांसाठी टोमॅटोचा वेगळा रस्सा असतो. तो आहे का, हे टेबल सांगून ठेवतानाच विचारा. आपल्याकडच्या लोकांना ज्या गोष्टी सुचत नाहीत त्याही लिहिते. कडक पाळणारे लोक मोड आलेली कडधान्यं खात नाहीत, म्हणजे मिसळ बाद. कच्चं दही आणि डाळ एकत्र खात नाहीत, त्याला ते द्विदळ म्हणतात, म्हणजे दहीवडा बाद. मध आणि अळंबी नाही. चातुर्मासात पालेभाज्याही नाहीत. श्रीखंड-पुरी, कच्च्या केळ्याची भाजी, टोमॅटोचं सार, मसालेभात (कांदा-बटाटा न घालता), कोबीची किंवा भेंडीची भाजी, असं ताट ठरवून घेतलंत तर दोन्ही घरं एकाच पानाचं जेवतील. तुमच्यासाठी वेगळं आणि त्यांच्यासाठी वेगळं असं त्या दिवशी तरी करू नका.

मी 72 वर्षांचा. इन्सुलिन घेतो. आम्हा मित्रांचा दर रविवारी शिवाजी पार्कला फेऱ्या मारून झाल्यावर दादरमध्ये नाश्ता करायचा नेम आहे. गेल्या महिन्यात रांगेत उभा असताना घाम फुटला, हातपाय थरथरले, खाली बसावं लागलं. आता सौभाग्यवती म्हणतात, बाहेरचं खाणं बंद. खरंच बंद करू का?
— एक आजोबा, दादर

काका, बंद करू नका. मित्र आणि रविवार, दोन्ही ठेवा. पण त्या दिवशी काय झालं ते नीट समजून घेऊ. तुम्ही नेहमीच्या वेळी घरी इन्सुलिन घेतलंत, मग चाललात, मग रविवारच्या गर्दीत नंबर लावून फुटपाथवर उभे राहिलात. इन्सुलिन आपलं काम करत राहिलं, चालण्याने साखर आणखी उतरली, आणि पोटात काहीच नव्हतं. म्हणजे त्रास बाहेरच्या नाश्त्याने झाला नाही, नाश्ता वेळेवर न मिळाल्याने झाला. पथ्याची चर्चा लोक कायम ‘काय खाऊ’ इथेच थांबवतात. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांसाठी ‘कधी मिळणार’ हे तितकंच मोठं.

तेव्हा डॉक्टरांना हाच प्रसंग जसाच्या तसा सांगा आणि रविवारच्या सकाळचा डोस आणि वेळ त्यांच्याकडून वेगळी लिहून घ्या. ज्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन आहे, त्यांना डॉक्टर बहुधा बशी समोर आल्याशिवाय घेऊ नका असंच सांगतात, पण तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. फेऱ्यांच्या आधी काय खायचं तेही त्यांना विचारा. खिशात साखर कायम हवी. थरथर सुरू झाली की तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची. पंधरा मिनिटांनी तपासायचं, बरं वाटलं नसेल तर पुन्हा तेवढीच. त्या वेळी संकोच करून ‘आता नंबर येईलच’ असं म्हणत उभं राहायचं नाही. आणि एक करा: दारात नावं लिहून घेणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की मी इन्सुलिनवर आहे, उशीर होणार असेल तर मला आधी काहीतरी खायला हातात द्या. दादरच्या हॉटेलवाल्यांनी चार पिढ्यांचे आजी-आजोबा पाहिलेत. नाही म्हणणार नाहीत.

काय खायचं ते वहिनींसाठी लिहिते. मिसळ चालेल, फरसाण अर्धं, उसळ जास्त, पाव एकच. थालिपीठ-दही उत्तम, लोणी बोटभर. डोसा खायचा तर साधा, आणि एक घेऊन दोघांत. उडुप्याचं सांबार बऱ्याच ठिकाणी गोड असतं, वाटी भरून घेऊ नका. पियुष आणि खरवस मित्रांना खाऊ द्या. चहाची एक गंमत नाही तर अडचण आहे: मोठ्या हॉटेलांत साखर घालूनच चहा उकळतात, त्यामुळे ‘कमी साखरेचा’ सांगून उपयोग होत नाही, त्यांना तुमच्यासाठी वेगळा ठेवावा लागतो. त्यापेक्षा फिल्टर कॉफी मागा. तिथे कॉफीचा अर्क वेगळा, दूध वेगळं, साखर शेवटी, त्यामुळे बिनसाखरेची कॉफी कुणालाही त्रास न देता मिळते. आणि वहिनी, तुम्हीही एखाद्या रविवारी बरोबर जा. बघून आलात की धास्ती कमी होईल.

दूध पचत नाही. पंजाबी हॉटेलात काय मागवावं?
— एक वाचक, चेंबूर

आधी हे ठरू दे की दूध पचत नाही की दुधाची ॲलर्जी आहे. पचत नसेल तर थोडं दही, ताक, तूप पुष्कळांना सोसतं, आणि थोड्याशा क्रीमने फार तर पोट बिघडेल. ॲलर्जी असेल तर थेंबही नको. पंजाबी हॉटेलात पांढरा रस्सा म्हणजे काजू, मगज (खरबुजाच्या बिया), खवा, मलई. नानच्या कणकेत दूध किंवा दही. डाळ माखनीत लोणी-मलई. तंदुरी रोटी (लोणी न लावता) आणि तेलाच्या फोडणीची डाळ एवढंच उरतं. त्यापेक्षा मालवणी किंवा गोव्याकडचं जेवण घ्या. तिथे नारळाच्या दुधावर सगळं चालतं, तुम्हाला पोटभर निवड मिळेल.

ताई, मी अंधेरीतल्या एका हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख आहे. शनिवारी रात्री प्रत्येक तिसरं टेबल ‘ॲलर्जी आहे’ म्हणतं. मशरूमची ॲलर्जी सांगणारा माणूस मागून मित्राच्या ताटातलं मशरूम खाताना आम्ही पाहतो. आतला आचारी चिडतो. आम्ही खरं कुणाला मानायचं?
— एक वाचक, अंधेरी

सगळ्यांना. खोटं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवलात तर एक पातेलं जास्त घासावं लागेल. खरं सांगणाऱ्यावर ठेवला नाहीत तर काय होईल, ते वर विक्रोळीच्या वडिलांच्या पत्रात आहे. आणि वाचकहो, तुम्हाला कोथिंबीर आवडत नसेल तर ‘कोथिंबीर घालू नका’ एवढंच म्हणा. ॲलर्जी हा शब्द ज्यांना खरंच लागतो, त्यांच्यासाठी राहू द्या. तुम्ही तो फुकट खर्च केलात की पुढच्या टेबलावरच्या मुलाचं कुणी ऐकत नाही.

कॅप्टन, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण या विषयावर तुमच्या बाजूने लिहिणारे कमी असतात. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी सांगते. ॲलर्जीची ऑर्डर केओटीवर (आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) खाली कोपऱ्यात लिहू नका, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती आत स्वतः नेऊन तोंडाने सांगा. ताट बाहेर येईल ते त्याच माणसाच्या हातून यावं. फडक्याने पुसलेला तवा म्हणजे धुतलेला तवा नव्हे, साबण-पाणी हवं. चुकून दाणे पडलेलं ताट परत आलं तर वरचे दाणे वेचून तेच ताट पुन्हा पाठवायचं, हे आतल्या घाईत होतं, तुम्ही ते होऊ देऊ नका. नवं ताट वाढायला लावा. आणि माहीत नसेल तर ‘खात्रीने सांगता येणार नाही’ असं सरळ म्हणा. मालकाला वाटतं, याने गिऱ्हाईक तुटेल. पथ्य पाळणारा माणूस मात्र अशा उत्तराने दुखावत नाही. तो दुसरं काहीतरी मागवतो, आणि पुढच्या वेळी दहा माणसं घेऊन तुमच्याकडेच येतो, कारण तिथे खरं सांगतात हे त्याला कळलेलं असतं.

आचाऱ्याचा राग कमी व्हायचा तर त्याचं काम सोपं व्हायला हवं. तुमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारे वीस पदार्थ घ्या आणि प्रत्येकासमोर लिहा: गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, काजू, सोया, मासे, कोळंबी यांतलं त्यात काय आहे, आणि तो कुठल्या कढईत, कुठल्या तव्यावर होतो. मराठीत किंवा हिंदीत, जी भाषा आत सगळे वाचतात तिच्यात. कागद ऑर्डर देण्याच्या खिडकीशी चिकटवा. पाककृती बदलली की कागद बदला. सॉसची कंपनी बदलली तरीही बदला, कारण नव्या बाटलीत वेगळं काही असू शकतं. मालकांची हरकत नसेल तर मेनूकार्डाची प्रत आणि आचाऱ्याने सांगितलेले घटक मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा. पहिला तक्ता मी करून देईन, पुढचे तुम्ही करा.